जित्या माणसाचा चुडा

माझ्या लग्नात मी रडले नाही, ही गोष्ट आमच्या तांड्यात अजून सांगतात. आम्हा बंजाऱ्यांत नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, त्याला ढावलो म्हणतात. रडता रडता मनात असेल ते बोलून टाकायचं. बापाने गाय देतो म्हणून दिली नाही, तर तेही त्यात येतं, आणि कोणी राग धरत नाही. म्हाताऱ्यांनी मला महिनाभर ढावलो शिकवला होता. ऐन वेळेला घसाच बंद झाला. याडीने, म्हणजे माझ्या आईने, दंडाला चिमटा काढला, तरी नाही. चौदा वर्षांची होते आणि लय भ्याले होते, पण लोकांना दिसलं ते कोरडं तोंड. सासरी आले तर सासू म्हणाली, "पोराने बायको नाही, दगड आणला."

दगड तर दगड. मी त्याचाच तोरा केला. माझी पहिली पोर देवीच्या रोगाने गेली तेव्हा बाया गळ्यात पडायला आल्या. मी म्हटलं, "रडून काय राह्यल्या? हंड्यात पाणी नाई, ते आणा." त्या गेल्या आणि पाणी आणलं. त्यानंतर माझ्या गळ्यात पडायला कोणी आलं नाही. पुढे माझा माणूस तांड्याचा नाईक झाला, मी नायकण झाले, आणि माझ्या तोंडाला माणसं तर माणसं, कुत्रीही भिऊ लागली. माणसाचं नाव देवसिंग. ते मी तोंडाने घेत नाही, लिहायला हरकत नाही.

सरकारी मोटार पुसदच्या रस्त्याने नवी नवी धावू लागली, त्या सालची ही गोष्ट. दिवाळीनंतर अंग धुताना डाव्या काखेत बोराएवढं काही हाताला लागलं. दुखत नव्हतं. वाटलं, केसतोड असेल, जाईल. संक्रांतीपर्यंत त्याची सुपारी झाली.

माझ्या मावशीला अशीच गाठ होती. तिची खाट शेवटी झोपडीच्या बाहेर चिंचेखाली टाकली होती, वासामुळे. मी तेव्हा सहा-सात वर्षांची, तिला पाणी द्यायला जायची ती नाकाला ओढणी लावून. मावशी नुसती माझ्याकडे बघायची. सुपारी हाताला लागली की मला ती चिंच दिसायची.

सांगायचं कोणाला? नाईकांना सांगावं असं रोज ठरवायचे. ते जेवायला बसले की तोंड उघडायचे आणि बाहेर यायचं, "भाकर थंडी करून खाता, मग पोट दुखते म्हनता." सुनेला सांगावं म्हटलं तर तिच्यासमोर मी आठ-दहा वर्षं पहाड होऊन उभी, आता काय म्हणून वाकायचं? म्हणून मी आणखी ओरडले. दुधावर ओरडले, कोंबड्यांवर ओरडले. माझ्या धाकट्या जावेला, चंदाबाईला, विहिरीवर सगळ्यांदेखत म्हटलं की तुझ्या हातची भाजी बैलही खाणार नाही. तिने घागर उचलली आणि गेली. जितकी भीती वाटे तितकी जीभ चाले, हे मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

सून माझी गंगी. लालसिंगाची बायको. बोलायला मुखदुर्बळ, पण डोळे घारीचे. जात्यावर माझ्यासमोर बसली असता म्हणाली, "याडी, तुमी डावा हात काहून चोरता?"

"तुह्या बापानं देला का मले तो हात?"

"नाई."

"मंग त्याची चौकशी कायले करतं?"

ती दळत राहिली. थोड्या वेळाने जात्याचा खुंटा तिने दोन्ही हातांनी धरला आणि माझा हात अलगद बाजूला केला. मी उठून गेले. जाताना पायली लाथेने उडवली. पीठ सांडलं ते तिनेच भरलं.

चार दिवसांनी नाईक सकाळी दाराशी उभे राहिले. अंगात धुतलेला सदरा.

"चाल. मोटार येते फाट्यावर."

"कुठी?"

"यवतमाळले. दवाखान्यात."

मी गंगीकडे पाहिलं. ती चुलीत फुंकत होती आणि तिचे कान लाल झाले होते. फाट्यापर्यंतच्या दीड कोसात मी तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. नाईक पुढे चालत होते, त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. भाकरीचं गाठोडं मात्र तिनेच बांधून दिलं होतं, आणि त्यात माझ्या आवडीचा तिळाचा ठेचा होता.

दवाखान्यात डॉक्टरने काख दाबून पाहिली, खालून पाहिली, वरून पाहिली, आणि म्हणाला, कापून काढू. मी मान हलवली. कापणं मला एवढं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी एक म्हातारी नर्स आली, हातात कात्री आणि साबणाचं पाणी, आणि म्हणाली, "बाई, हे दोन्ही दंडांवरचं सगळं काढावं लागते. केसातलंही. भूल देताना अंगावर काही ठेवत नाहीत."

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते. आमच्या बायांच्या दंडावर कोपरापासून खांद्यापर्यंत पांढरा चुडा असतो, आणि कानापाशी केसांत चांदीच्या घुगऱ्या लोंबतात. लग्नात नवऱ्याच्या नावाने चढतात. नवरा मेला की उतरतात. त्याआधी नाही. बाळंतपणात नाही, तापात नाही, झोपेत नाही.

"माहा माणूस जिता हाय," मी म्हटलं. "बाहीर ओट्यावर बसला हाय. जाऊन पाह्य."

"बाई, चुड्याखाली चिरा मारता येत नाही."

"तं नका मारू."

ती भली होती, भांडली नाही. बाहेर गेली आणि नाईकांना घेऊन आली. ते खाटेपाशी उभे राहिले. मला वाटलं, आता हे म्हणतील, चाल घरी. ते खाली बसले, साबणाच्या पाण्यात हात बुडवला आणि माझा डावा दंड धरला.

"काय करता?"

"मीच चढवला होता," ते म्हणाले. "मीच उतरवतो."

एकेक बांगडी त्यांनी साबणाने फिरवून फिरवून काढली. तीस वर्षांचं मांस त्यांच्याखाली पांढरं पडलं होतं, कोवळ्या पोरासारखं. कोपराजवळची एक निघेना, ती नर्सने करवतीने कापली. त्या आवाजाने माझे दात शिवशिवले. मग त्यांनी उजवा दंडही उतरवला आणि केसांतल्या घुगऱ्यांच्या गाठी सोडल्या. तीस वर्षांच्या गाठी, त्यांना वेळ लागला. जिता माणूस स्वतःच्या हाताने स्वतःच्या मरणाची खूण करत होता, आणि मी ती करू देत होते. मला म्हणायचं होतं, मले लय भेव लागून राह्यलं. म्हटलं काय? "हळू. केस तोडान."

सगळं त्यांनी पागोट्याच्या एका फडक्यात बांधलं आणि ते गाठोडं आठ दिवस कमरेला ठेवलं.

गाठ निघाली. लिंबाएवढी होती म्हणे. डॉक्टरने सांगितलं, ही वाईट की साधी ते इथे कळत नाही, तुकडा नागपूरला पाठवला आहे, पंधरा दिवसांत गावच्या पत्त्यावर कागद येईल. तोवर दंडावर काही चढवायचं नाही, टाका तुटेल. म्हणजे कापलं तरी भीती होती तिथेच राहिली. उलट चुडा गेल्याने ती दुप्पट झाली. आधी मी माझ्याच मरणाला भीत होते, आता नाईकांच्याही. त्यांना ओट्यावर खोकताना ऐकलं की मी श्वास धरून बसायचे, पुढचा खोकला येईपर्यंत.

परतीच्या मोटारीत आम्ही शेजारी बसलो. ओढणीखाली हात लपवले होते, पण दारव्ह्याच्या पुढे गचका बसला आणि ओढणी घसरली. समोर दुसऱ्या तांड्याची एक बाई बसली होती. तिने माझे उघडे दंड पाहिले, रिकामे कान पाहिले, मग मला चिकटून बसलेल्या पागोटेवाल्याकडे पाहिलं, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. रांडाव बाई परक्या पुरुषाच्या मांडीला मांडी लावून बसली, असं तिचं ते फिरलेलं तोंड सांगत होतं. एरवी मी तिला चार शब्द सुनावले असते. मी सरकून बसले, नाईकांपासून हातभर.

फाट्यावर उतरलो तेव्हा उन्हं कलली होती.

"थांब इथं," नाईक म्हणाले. "गावातून बंडी आनतो. टाके ओले हायेत."

"मी काय बाळंतीन हाय बंडीत बसाले?"

"दीड कोस हाय."

"दीड कोस मले कोन शिकवते? मी चालते. तुमी या."

खरं तर त्या बाईच्या नजरेने माझं अंग जळत होतं, आणि पुन्हा त्यांच्या शेजारी कोणी पाहू नये असं वाटत होतं. त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं. आठ दिवस ओट्यावर, एका भाकरीवर. मग ते गावाकडे वळले आणि मी तांड्याच्या वाटेला लागले.

शंभर पावलं गेले नाही तोच मला माझी चूक कळली. चुडा उतरलेला, आणि मी त्यांना नजरेआड केलं. वाटेला सागाचा पाला पडलेला, पाऊल टाकलं की कडकड वाजे, आणि दर वेळी वाटे की मागे कोणी आहे. मागे वळून पाही तर वाट रिकामी. पळस फुलला होता, इतका लाल की बघवेना. हात हलके झाले होते. चालताना चुडा वाजतो, तीस वर्षं तो आवाज माझ्याबरोबर चालला, आणि आता माझ्या चालण्याला आवाजच नव्हता. मेलेलं माणूस असंच चालत असेल, असं मनात आलं.

नाल्यापाशी मी थांबले. बंडीचा धुरळा दिसतो का ते पाहिलं. नव्हता. गावात त्यांना भोवळ आली असेल. कोणाच्या ओसरीवर पडले असतील, आणि ओळखीचं कोणी नाही. परत जावं? दोन पावलं गेलेही. मग वाटलं, नायकण नवऱ्याला शोधत फाट्यावर पळत आली, हे उद्या चावडीवर बोललं जाईल. आणि वळले. हे लिहायला आज लाज वाटते, पण वळले.

तांड्याच्या विहिरीवर चंदाबाई एकटी पाणी ओढत होती. तिने मान वर केली. मी एकटी, मागे कोणी नाही. दंड उघडे, कानापाशी काही नाही. तिच्या हातचा दोर सुटला, बादली खाली आपटली ते मला ऐकू आलं.

"माह्या जेठाले कुठी ठेवून आली, बाई," एवढंच ती आपल्या थोरल्या दिराबद्दल म्हणाली, आणि येऊन माझ्या गळ्यात पडली.

तिने सूर धरला. मेल्या माणसाचा. नाईकांनी तिच्या लग्नात तिला वाटेत खांद्यावर घेऊन नाला ओलांडला होता, ते त्यात आलं. तिच्या पोराला ताप आला तेव्हा नाईक बैलावरून वैद्य घेऊन आले, ते आलं. मला यातलं अर्धं माहीत नव्हतं. सूर ऐकून झोपड्यांतून बाया निघाल्या, आणि एकीने दुसरीला काही विचारलं नाही, माझे दंड पुरेसे होते. दहा-बारा जणी झाल्या. कोणी पाठीला, कोणी कमरेला, कोणी नुसती ओढणी धरून. जिच्या भाजीला मी बैलाचं तोंड लावलं होतं तिचे आसू माझ्या मानेवरून खाली उतरत होते.

सांगायला दोन शब्द लागत होते. ते जिते हायेत. बंडी घेऊन येऊन राह्यले. मी तोंड उघडलं आणि तेच झालं जे चौदाव्या वर्षी झालं होतं. घसा बंद. आणि त्याहून वाईट, त्या इतक्या खात्रीने रडत होत्या की मला वाटू लागलं, यांना कळलं आहे. मला नाही कळलं, यांना कळलं. नाईक खरंच गेले.

तेवढ्यात गंगी आली. हात पिठाचे. ती रडली नाही. बायांना कोपराने सारत माझ्यापर्यंत पोचली, माझी ओढणी वर केली, काखेतली पट्टी पाहिली, मग माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. सासूचं तोंड सून अशी धरत नाही. पीठ माझ्या गालाला लागलं.

"याडी. माह्याकडे पाहा. बा कुठी हायेत?"

"गंगे," मी म्हटलं, "मले भेव लागते."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आणि त्याच्या मागून सगळं आलं. बोलून नाही, सुरात आलं. म्हाताऱ्यांनी महिनाभर शिकवलेला तो ढावलो, तीस वर्षं कुठे बसला होता कोण जाणे. मी गंगीच्या गळ्यात पडले आणि रडत सांगितलं: काखेत बोर झालं, बोराची सुपारी झाली, मी कोणाला सांगितलं नाही. मावशीची खाट चिंचेखाली होती, मी नाक धरून पाणी द्यायची. माझी पोर गेली तेव्हा मी तुम्हाला पाण्याला धाडलं, बायांनो, मला एकटीला रडायचं होतं आणि मग तेही आलं नाही. नागपूरहून कागद यायचा आहे. माझा चुडा माझ्या जित्या धन्याने स्वतःच्या हाताने उतरवला, आणि तो बंडी आणायला गेला तो अजून आला नाही.

चंदाबाईचा सूर मध्येच तुटला. "काय म्हनते ही? बंडी आनाले?"

"जिते हायेत मंग?" दुसरी म्हणाली.

"आपुन त्यायले रडून घेतलं की वो," तिसरी म्हणाली, आणि कोणीतरी ओढणीत तोंड घालून हसलं. चंदाबाईने मला पाठीत बुक्का मारला, हलकाच. "वीस वर्षं इचं तोंड बंद होत नाई, अन् आज उघडत नाई."

त्या हसत होत्या, पण कोणी हात सोडला नाही. माझं रडणं थांबत नव्हतं. गंगीने एकटीनेच वाटेकडे पाहिलं. "उशीर झाला," ती हळू म्हणाली, आणि लालसिंगाला हाक मारून नाल्याकडे पळवलं.

लालसिंग गेला तो बराच वेळ आला नाही. बायांचं हसणं आपोआप विरलं. सगळ्या वाटेकडे तोंड करून बसल्या. मी गंगीचं मनगट धरलं होतं. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं.

मग दोघे आले, चालत. लालसिंगाने बापाचा हात धरला होता. नाईकांच्या डोक्यावर पागोटं नव्हतं.

पुढे लालसिंगाने सांगितलं ते असं. बंडी नाल्याच्या पलीकडे उभी होती, बैल मोकळे चरत होते. बा मोहाच्या झाडाखाली बसले होते, पागोटं मांडीवर, चुड्याचं गाठोडं छातीशी. नाल्यापर्यंत त्यांना बायांचं रडणं ऐकू आलं होतं. तांड्यात कोणी मेल्याचा सूर होता, आणि दीड कोस मी ओल्या टाक्यांनी चालत गेलेली. त्यांना दुसरं कोण सुचणार? त्यांच्याने पुढे येववेना. लालसिंगाने हाक मारली तर म्हणाले, "केव्हा गेली?"

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दोघांचीही तोंडं रडून सुजलेली. तांडा भोवती गोळा झालेला. काही तरी बोलायला हवं होतं.

"बंडीले इतका येळ?" मी म्हटलं.

"बैल भेटत नोते," ते म्हणाले.

आणि ते खाली बसले, माझ्या शेजारी, सगळ्यांदेखत, मांडीला मांडी लावून. मी सरकले नाही.

भीती गेली असं कोणी समजू नये. कागद यायचाच होता. सोळा दिवस लागले त्याला. पण त्या सोळा दिवसांत चंदाबाई रोज दुपारी भाजी घेऊन यायची, तीच बैलाची, आणि माझ्यासमोर बसून मला ती खायला लावायची. "गोड लागते का सांग," म्हणायची. गंगी दळताना विचारायची, "आज किती लागते भेव?" मी जात्यात टाकायच्या ज्वारीची मूठ दाखवायची, कधी एक, कधी दोन. एका दिवशी चार दाखवल्या. त्या दिवशी तिने दळण ठेवून दिलं.

कागद इंग्रजीत आला, तो शाळेच्या मास्तरांनी चावडीवर वाचायला घेतला. पाकीट फाडता फाडता ते म्हणाले, "नायकणबाई, बसा."

"मी उभीच बरी हाय," मी म्हटलं. मग मास्तरांनी कागद उलगडला आणि मी बसले. एका बाजूला गंगी, तिचं मनगट माझ्या मुठीत, दुसऱ्या बाजूला चंदाबाई. नाईक खांबाला धरून उभे होते.

गाठ साधी होती. मास्तरांनी ते दोनदा वाचलं.

चुडा नाईकांनीच चढवला, दिवस बघून. कापलेली बांगडी चढणार नव्हती, ती त्यांनी फडक्यात तशीच ठेवली आहे. डाव्या दंडावर तेवढी जागा रिकामी आहे, कोणी पाहिलं तर मी झाकत नाही. आणि कागद वाचला त्या दिवशी चावडीवर गंगीने माझी मूठ पंजावर सरकवून सगळ्यांना आपलं मनगट दाखवलं होतं. माझी पाच बोटं त्यावर निळी उमटली होती.

"पाहा," ती म्हणाली, "दगड कसा धरते."

मी तिला शिवी दिली. ती हसली. हात मात्र मी अजून सोडला नव्हता.